चहावरचा उतारा

चहा सोडवणाऱ्या घरगुती उपायांची यादी मराठी वाचकाला तोंडपाठ असते: आले, सुंठ, तुळस, दालचिनी, गवती चहा, धने-जिऱ्याचा काढा. ही यादी परंपरेतून आली, असे आपण गृहीत धरतो. पण ती पश्चिम किनाऱ्यावरच्या चहाच्या सर्वांत जुन्या वर्णनांशी ताडून पाहिली, की एक गंमत दिसते. १६३८ मध्ये सुरतेला आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो लिहितो, की इथल्या रोजच्या बैठकांत चहा घेतला जाई, आणि तो पोट साफ ठेवणारे औषध म्हणून. पन्नास वर्षांनी, १६८९ मध्ये, इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन त्याच बंदरात उतरला. त्याने नोंदवले आहे, की पाण्यात उष्ण मसाले घालून उकळलेला चहा डोकेदुखी, मूतखडा आणि पोटातली मुरड यांवर गुणकारी मानला जाई. लोक तो खडीसाखर घालून पीत, आणि शौकीन मंडळी मुरवलेल्या लहान लिंबांबरोबर. म्हणजे या किनाऱ्यावर चहा आला तो काढ्याच्या रूपात, वैद्याच्या बटव्यातल्या जिनसांच्या सोबतीने. आज त्याच जिनसांना आपण चहावरचा उतारा म्हणून बोलावतो. ज्या डोकेदुखीवर ओव्हिंग्टनच्या काळी चहा दिला जाई, तीच आता चहा सुटल्यावर उठते. या उलटापालटीत एक इतिहास दडला आहे. त्यातून माझ्यापुरता निष्कर्ष असा निघतो, की वनस्पतींचा उतारा आपल्याकडे वारंवार हरला, कारण आपण वनस्पतीकडून औषधाची अपेक्षा केली. तिचे खरे काम वेगळे होते, आणि ते आपल्याच जुन्या वैद्यकात सांगून ठेवलेले होते.

सुरतेच्या त्या चहानंतरची दोन शतके चहा इथल्या सामान्य माणसाच्या आयुष्यात जवळजवळ नव्हताच. पत्ती चीनहून येई, महाग असे, बंदरातल्या सधन व्यापाऱ्यांपलीकडे तिचा मोठा प्रसार झाला नाही. आसामात चहाचे झुडूप सापडले, १८३९ मध्ये आसाम कंपनी स्थापन झाली, तरी तिथला माल लंडनच्या बाजारासाठी होता. कोकणात सकाळ पेजेवर उजाडे, देशावर भाकरी आणि आंबिलीवर. चहा मराठी शहरी घरात शिरला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि शिरताना वाद घेऊनच आला. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले आदी मंडळी जमली, पुढे चहा-बिस्किटे आली, गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावे छापवून आणली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. त्या साऱ्या गदारोळात कपातल्या द्रव्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. कप कोणाच्या हातचा, एवढाच प्रश्न होता. चहाची सवय लागते आणि ती सोडवावी लागते, ही काळजी तेव्हा उपजायची होती, कारण सवय लागण्याइतका चहा अजून बहुतेकांना मिळतच नव्हता.

तो मिळावा याची तजवीज पुढच्या चाळीस वर्षांत झाली. १९०३ च्या कायद्याने निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा खप वाढवण्याचे काम सुरू झाले. आधी डोळा परदेशी गिऱ्हाइकावर होता. १९३० नंतरच्या मंदीत भाव कोसळले, १९३३ च्या आंतरराष्ट्रीय कराराने निर्यातीवर मर्यादा आली, आणि मळेवाल्यांना आपल्या दारातला गिऱ्हाईक दिसू लागला. मग देशी भाषांतल्या जाहिराती, रेल्वे स्थानकांवरचे ठेले, गिरण्यांतल्या चहाच्या सुट्ट्या, गावोगावच्या बाजारात फुकट वाटलेले कप, चहा कसा करावा याची प्रात्यक्षिके असा सारा लवाजमा निघाला. १९३७ मध्ये या कामाच्या समितीचे नावच बाजारपेठ विस्तारणारे मंडळ असे झाले, इतका हेतू उघड होता. त्याच दशकात आसामात पान चिरडून, फाडून, वळवून दाणेदार करणारे सीटीसी यंत्र आले. पुढे स्वातंत्र्यानंतर हा दाणेदार चहा देशभर पसरला. तो लवकर उतरतो, किलोमागे जास्त कप देतो, दुधात उकळला तरी त्याचा रंग फिका पडत नाही. स्वस्त आणि कडक या दोन गुणांची सांगड एकदा बसल्यावर तलफ ही चैनीची बाब उरली नाही. ती गिरणीच्या पाळीची, शेताच्या बांधाची, कचेरीतल्या दुपारची गरज बनली. आज देशात पिकणाऱ्या चहापैकी चार-पंचमांशाच्या आसपास देशातच प्यायला जातो.

विरोधही याच काळात संघटित झाला, आणि त्याचे एक महत्त्वाचे पान पुण्यात लिहिले गेले. गांधीजी १९४२ च्या ऑगस्टपासून आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. तिथे २८ ऑगस्ट ते १८ डिसेंबर या काळात त्यांनी आरोग्यावरचे आपले छोटे पुस्तक लिहिले. मराठी घरांत ते ‘आरोग्याची गुरुकिल्ली’ म्हणून ओळखीचे आहे. चहा-कॉफी-कोको शरीराला आवश्यक नाहीत, चहात जे काही बरे आहे ते गरम पाण्याचे, दुधाचे आणि साखरेचे, ही त्यांची मांडणी. त्यांचा खरा राग टॅनिनवर. कातडी कमावणारे द्रव्य पोटात काय करील, असा त्यांचा सवाल. तरी ते एक सवलत देतात: गाळणीत पत्ती ठेवून वरून उकळते पाणी ओतले आणि गवताच्या काडीच्या रंगाचे पाणी प्यायले, तर फारसे बिघडत नाही. त्याआधी तीस वर्षे, दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’मध्ये लिहिलेल्या आरोग्यविषयक लेखमालेत, त्यांनी कॉफीला पर्यायही दिला होता. गहू लालसर काळपट होईपर्यंत भाजायचे, दळायचे आणि कॉफीसारखे करून प्यायचे. ही कल्पना त्या काळच्या युरोप-अमेरिकेतल्या निसर्गोपचाराच्या वातावरणातली होती. बव्हेरियातला जलोपचारवाला पाद्री क्नाइप याच्या नावाने बार्लीच्या माल्टची कॉफी विकली जात होती, आणि अमेरिकेत बॅटल क्रीक इथे सी. डब्ल्यू. पोस्ट याने १८९५ मध्ये गहू, कोंडा आणि काकवी यांचे ‘पोस्टम’ काढून कॉफीने मज्जातंतू बिघडतात अशा जाहिरातींवर मोठा पैसा केला होता. गांधीजींच्या गव्हाच्या कॉफीमागे धंदा नव्हता, व्रत होते. बंगालात आचार्य प्रफुल्लचंद्र रायांनीही चहाविरुद्ध लेखणी चालवली, आणि ते तर रसायनशास्त्राचे प्राध्यापक. मळ्यांवरच्या मजुरांचे हाल, परकी भांडवल, स्वदेशी, आरोग्य अशा सगळ्या बाजूंनी चहावर मारा झाला.

आणि तरी चहा जिंकला. हे नुसते जाहिरातीच्या पैशाने झाले, असे म्हणण्याचा मोह होतो. पैसा होता आणि भरपूर होता, हेही खरे. पण जाहिरातवाल्यांना स्वतःला जे नको होते, तेही जिंकले, हे विसरता येत नाही. मंडळाच्या प्रचारकांना मसाल्याचा चहा खुपत असे. मसाल्याने चव झाकली जाते, मग विक्रेता पत्ती कमी टाकतो, मळ्याचा तोटा होतो. त्यांनी शिकवलेली पद्धत वेगळी होती: ताजे उकळलेले पाणी, मोजून घेतलेली पत्ती, वरून थोडे दूध. लोकांनी ती ऐकून घेतली आणि आपल्या पद्धतीने चहा उकळला. पुण्याचे अमृततुल्य हे याचे ठळक उदाहरण. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा धंदा इथे रुजवला. पितळेच्या पातेल्यात दूध, पाणी आणि साखर, खलबत्त्यात कुटलेले आले-वेलची, मागून चहाची भुकटी, मग फडक्यातून गाळणे. घराघरांत गवती चहाची पात गाठ मारून आधणात पडू लागली, पावसाळ्यात सुंठ आणि मिरी, सर्दीत तुळस. उतारा म्हणून ज्यांची नावे घेतली जात, ते सारे पदार्थ चहाने आपल्या पदरी ठेवून घेतले.

ही काही आपलीच खासियत म्हणता येत नाही. कॉफीच्या इतिहासात चिकोरीचे नेमके हेच झाले. अठराव्या शतकात प्रशियाचा राजा फ्रेडरिक याला परदेशी कॉफीवर जाणारा पैसा सलत होता. त्याने कॉफीवर सरकारी मक्ता बसवला, चोरून भाजलेली कॉफी हुडकायला रस्तोरस्ती वास घेत फिरणारी माणसे नेमली, आणि त्याच काळात भाजलेल्या चिकोरीच्या मुळांचा कारखानदारी धंदा जर्मन मुलखात उभा राहिला. चिकोरीत कॅफीन नाही. रंग आणि कडवटपणा आहे. नेपोलियनच्या नाकेबंदीत फ्रान्सने तिचीच कास धरली. पण कॉफी पुन्हा मुबलक झाली तेव्हा चिकोरी बाहेर गेली नाही, कॉफीतच राहिली. दक्षिण भारतातल्या फिल्टर कॉफीच्या पुडीत आज कायद्याने ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. कॉफीची जागा घ्यायला आलेले मूळ अशा रीतीने तिचे भागीदार झाले.

असे का होते, याचे उत्तर रसायनात आहे. रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळे काढले. चहातले द्रव्य तेच, हे १८३८ मध्ये सिद्ध झाले. ते मेंदूत काय करते हे मात्र विसाव्या शतकात कळले. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जाते आणि थकव्याची जाणीव देते. कॅफीन त्याची बसण्याची जागा अडवते. रोज अडवणूक झाली की मेंदू अशा जागा वाढवतो, आणि मग चहा अचानक थांबला की साठलेल्या ॲडेनोसिनला सारी दारे एकदम उघडी मिळतात. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत डोके धरते, सुस्ती येते, चिडचिड होते, एक-दोन दिवसांत त्रास कळसाला पोचतो आणि साधारण आठवड्याभरात ओसरतो. दिवसाला शंभर मिलिग्रॅम, म्हणजे दोन-तीन कप चहा, एवढ्या सवयीवरही हे होऊ शकते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संहितेने २०१३ मध्ये याची रीतसर नोंद केली. आता आले, तुळस, दालचिनी, गवती चहा यांतले काहीही ही अडवणूक करते किंवा तिची जागा भरून काढते, असा पुरावा नाही. आल्याने मळमळ थांबेल, गरम काढ्याने घसा मोकळा होईल, ते त्यांचे स्वतंत्र गुण. तलफेवर औषध म्हणून ते दिले, की तिसऱ्या दिवशी माणूस डोके धरून पुन्हा पत्तीच्या डब्याकडे जातो आणि दोष काढ्याला देतो. त्या माणसाला दोष देणेही बरोबर नाही. काढ्याला भलतेच काम सांगितले होते.

यावर कोणी म्हणेल, मग हजारो लोकांना काढ्याने फरक पडला तो खोटा? खोटा नाही. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉफीच्या सवयीच्या माणसांना चोवीस तास कॉफीपासून दूर ठेवून कॅफीन काढलेली कॉफी दिली, तेव्हा त्यांचा त्रास बराच कमी झाला. कपात कॅफीन नाही हे स्पष्ट सांगितलेल्यांचाही काही प्रमाणात झाला. कपाची ऊब, वास, कडवटपणा, ठरलेली वेळ यांची शरीराला अशी सवय झालेली असते, की तेवढ्यानेही ते काही काळ निवते. गव्हाची कॉफी, बार्लीचा माल्ट, चिकोरी या सगळ्यांना जे यश मिळाले ते याच जोरावर. त्यांनी कप सांभाळला. ज्या उपायाने कपच काढून घेतला आणि सकाळी कोमट पाणी हाती दिले, त्याला व्रतस्थ माणसेच टिकली. वनस्पतीचे खरे काम म्हणून मी सुरुवातीला जे म्हटले ते हेच: रिकामी झालेली जागा धरून ठेवणे. पण जागा धरून ठेवायची तर ती आधी थोडीथोडी रिकामी करावी लागते, आणि इथे आपल्याकडचे खरे जुने ज्ञान कामाला येते. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत चहाचे नाव नाही, असण्याचे कारणही नाही. म्हणून चहा सोडवणारा प्राचीन काढा ही आधुनिक कल्पना आहे. सवय सोडवण्याची रीत मात्र तिथे आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट क्रमाक्रमाने सोडावी आणि हितकर गोष्ट त्याच क्रमाने घ्यावी असे सांगितले आहे: एक चतुर्थांश कमी करायचे, तेवढे पथ्यकर भरायचे, मध्ये एक, मग दोन, मग तीन दिवस जाऊ द्यायचे. वाग्भटाने चौथ्या हिश्शाबरोबर सोळाव्या हिश्शाचीही मुभा दिली आणि पुढे एक मार्मिक भर घातली. वाईट गोष्टही एकदम सोडली तर विकार होतो. सवय सुटताना होणाऱ्या त्रासाची यापेक्षा नेमकी जुनी नोंद मला ठाऊक नाही.

हा पादांशिक, म्हणजे चौथ्या-चौथ्या हिश्शाचा, क्रम वैद्य आजही जाणतात, पण चहाविरुद्धच्या सार्वजनिक प्रचारात तो कुठे दिसत नाही. त्या प्रचाराला प्रतिज्ञा हवी होती. दारूबंदी, विदेशी कापडाची होळी या चळवळींच्या शेजारी चहा उभा केल्यावर चतुर्थांश चहा सोडण्याची शपथ हास्यास्पद वाटणारच. गांधीजींची गवती रंगाच्या पाण्याची सवलत म्हणूनच मला मोलाची वाटते: ती त्यांच्या स्वतःच्या लिखाणातली क्रमाची फट आहे, आणि अनुयायांच्या तोंडी ती फारशी ऐकू आली नाही. यावर आक्षेप असा, की एका दिवसात चहा सोडणारी माणसे आपण पाहतो, गांधीजींनी स्वतः सोडला. खरे आहे. त्रास आठवड्याचाच असतो आणि निश्चय पक्का असेल तर तो निभावतो. एका माणसाच्या बाबतीत प्रतिज्ञा क्रमापेक्षा वरचढ ठरू शकते. समाजाच्या बाबतीत मात्र ऐंशी-नव्वद वर्षांचा हिशेब समोर आहे, आणि तो प्रतिज्ञेच्या बाजूने जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मराठी घरात चहा एकट्याचा नसतो. एका पातेल्यात सगळ्यांचे आधण पडते, त्यातला चौथा हिस्सा कोणी कसा कमी करायचा? पाहुण्याला चहा नाकारणे हे अजूनही नाते नाकारण्याच्या जवळ जाते. तशात कचेरीतला चहा तर विचारून येतच नाही. ओंजळभर काढा वेगळा उकळायचा म्हणजे घरातल्या बाईचे काम वाढते, आणि हा खर्च निसर्गोपचाराच्या पुस्तकांत कधी मांडलेला नसतो. पण याच अडचणीत उपायही आहे, आणि तो जाहिरातवाल्यांच्या तक्रारीत सापडतो. मसाला घातला की पत्ती कमी पडते, हे त्यांचे दुखणे होते. पातेले एकच ठेवून आले आणि गवती चहा वाढवत, पत्तीचा चमचा पंधरवड्यागणिक थोडा उतरवत नेला, तर चरकाचा क्रम साऱ्या घरासाठी एकदमच पाळला जातो. कर्नाटकात, कारवारच्या बाजूलाही, धने-जिऱ्याचे कषाय दूध-गूळ घालून चहासारखेच पितात, केरळात सुंठीची चुक्कू काप्पी आहे. ही पेये टिकली ती कप आणि वेळ न मोडता.

शेवटचा आक्षेप मुळावर येतो: सोडायचाच कशाला? बेताच्या कॅफीनने निरोगी प्रौढाचे नुकसान होते असे आज कोणी म्हणत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये दिलेल्या आहार-मार्गदर्शनात दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि चहाच्या कपात तिथल्याच हिशेबाने ३० ते ६५ मिलिग्रॅम धरले आहेत. चार कपांचा माणूस त्यात बसतो. झोप उडणाऱ्याने, छाती धडधडणाऱ्याने, गरोदर बाईने कमी करावा. बाकीच्यांनी स्वतःचे पाहावे. पण त्याच मार्गदर्शनात जेवणाच्या आधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळा असेही म्हटले आहे, कारण टॅनिन अन्नातले लोह बांधून ठेवते. गांधीजींचा टॅनिनवरचा राग, कातड्याची उपमा बाजूला ठेवली, तर अगदीच अनाठायी नव्हता. आपल्याकडे पोह्यांबरोबर चहा, चहाबरोबर चपाती, मुलांना चहा-पाव ही पुष्कळ घरांची न्याहारी आहे, आणि पेज-आंबिलीची जागा चहाने घेतली ती नेमकी इथे. पांडुरोग घरोघरी असलेल्या प्रदेशात पहिला चतुर्थांश कमी करायचा तर तो न्याहारीच्या कपातला करावा. त्या वेळी नुसता पातीचा चहा, पत्तीवाचून, ताटाशी आला तर लोहाचेही भागते आणि कपाचेही.